स्प्रिंटची रेषा कुणाच्या पायांवरून आखायची?

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या क्रीडा पानावर पुरुष आणि महिला फुटबॉलची तुलना करणारी एक चौकट आली होती. डावीकडे पुरुषांचा सामना, उजवीकडे महिलांचा. एकूण धावलेले अंतर दोन्हीकडे जवळपास सारखे, दहा किलोमीटरच्या आसपास. त्याखालच्या ओळीत मात्र 'स्प्रिंटचे अंतर' होते आणि तिथे महिलांचा आकडा पुरुषांच्या निम्म्यालाही पोहोचत नव्हता. चौकटीच्या तळाशी एका वाक्यात निकाल लावला होता : महिलांच्या खेळात अजून तो वेग नाही.

मी ती चौकट तीनदा वाचली. मला त्यात एक आकडा हवा होता आणि तो कुठेच नव्हता. स्प्रिंट म्हणजे ताशी किती किलोमीटरच्या पुढची धाव? ही रेषा २० वर आखली, २२.५ वर आखली की २५ वर, यावर त्या ओळीतले सगळे अवलंबून असते. तीच खेळाडू, तोच सामना, तेच पाय. रेषा वर सरकवली की दोनशे मीटरचे शून्य होते. हे मी ऐकीव सांगत नाही. असे एक शून्य मी स्वतः एका मुलीच्या नंबरापुढे छापून ड्रेसिंग रूमच्या भिंतीवर लावले आहे.

मी नऊ वर्षे एका वरच्या दर्जाच्या महिला संघाची शारीरिक तयारी बघते. त्याआधी बारा वर्षे स्वतः मिडफिल्डमध्ये खेळले. माझा दिवस चार्जिंगच्या पेटीपासून सुरू होतो. काडेपेटीहून थोडे मोठे चोवीस ट्रॅकर, प्रत्येकाच्या पाठीवर जर्सीचा नंबर चिकटवलेला. मुली जर्सीच्या आत अंगाबरोबर बसणारे व्हेस्ट घालतात. त्याला पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मधोमध एक खिसा असतो. ट्रॅकर त्यात बसतो. स्पर्धेच्या आयोजकांची परवानगी असेल तर २०१५ पासून तो अधिकृत सामन्यातही घालता येतो. हा ट्रॅकर उपग्रहांच्या आधाराने सेकंदाला १० वेळा वेग नोंदवतो. म्हणजे ९० मिनिटांच्या सामन्यात एका खेळाडूच्या ५४ हजार नोंदी.

इतक्या नोंदी वाचायला कुणाला वेळ आहे? म्हणून वेगाचे टप्पे पाडायचे. चालणे, हळू धावणे, धावणे, वेगात धावणे, स्प्रिंट. दोन टप्प्यांच्या मध्ये एक रेषा. मग प्रत्येकीने कुठल्या टप्प्यात किती मीटर काढले, ते एका पानावर मावते. कोच ते पान बघून उद्याचा सराव ठरवतो, फिजिओ ते बघून दुखापतीतून उठलेल्या मुलीला किती पळवायचे ते ठरवतो. सोय म्हणून हे उत्तमच आहे. पण रेषा कुणीतरी आखलेली असते. शरीरात ताशी २५ किलोमीटरला काही खटका पडत नाही.

मी या कामाला लागले तेव्हा आमच्या सॉफ्टवेअरमध्ये तीन आकडे आधीच भरलेले होते : १४.४, १९.८ आणि २५.२. पुरुषांच्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये वर्षानुवर्षे हेच वापरात आहेत. १९.८ च्या वर वेगवान धाव, २५.२ च्या वर स्प्रिंट. दशांश चिन्हापुढचे ते आकडे बघून मला वाटले, हे कुणीतरी फार बारकाईने मोजून काढले असणार. मी त्यांना हात लावला नाही. पुढे कितीतरी दिवसांनी एकदा सेकंदाच्या हिशेबात बदलून पाहिले, तर ते निघाले सेकंदाला ४ मीटर, साडेपाच मीटर आणि ७ मीटर. सोयीचे, तोंडी लक्षात राहणारे आकडे! ३.६ ने गुणल्यामुळे त्यांना शास्त्रीय तोंडवळा आला होता, एवढेच. पुरुषांसाठी ते चालून गेले कारण त्यांच्या पायांच्या आवाक्यात ते मध्यावर कुठेतरी बसत होते. आमच्या मुलींच्या पायांत ते कुठे बसतात, हे बघण्याची तसदी ना सॉफ्टवेअरवाल्यांनी घेतली, ना मी.

आता हिशेब मांडते. ज्या पुरुष खेळाडूचा कमाल वेग ताशी ३४ किलोमीटर आहे, त्याला २५.२ ची रेषा त्याच्या ताकदीच्या ७४ टक्क्यांवर लागते. ज्या मुलीचा कमाल वेग ३० आहे, तिला तीच रेषा ८४ टक्क्यांवर. आणि २८ वाली असेल, आमच्या संघात अशा बऱ्याच आहेत, तर थेट ९० टक्क्यांवर. त्या पुरुषाला ९० टक्क्यांचा न्याय लावायचा ठरवला तर त्याची रेषा ३०.६ वर जाईल. ३०.६ च्या खाली पळालात तर तुमची स्प्रिंट धरणार नाही, असे त्याला सांगून बघा. एका सामन्यात त्याच्याही पानावर फारसे काही उरणार नाही.

त्यात आणखी एक गोष्ट. स्प्रिंटचे अंतर मोजताना पूर्ण धाव मोजत नाहीत, रेषेच्या वर गेलेला भागच मोजतात. २८ कमाल वेगाची मुलगी उभ्याउभ्या सुटली तर २५.२ गाठेपर्यंत तिचे साधारण तेरा मीटर संपलेले असतात. सामन्यातल्या बहुतेक जोरदार धावा तेवढ्याच लांबीच्या. पंधरा मीटर जीव तोडून पळाली, पान म्हणते दोन मीटर. बारा मीटर पळून चेंडू अडवला, पान म्हणते काहीच नाही.

आता त्या शून्याकडे येते. आमची लेफ्ट बॅक. तिचे काम असे की चेंडू आपल्याकडे आला की मैदानाच्या कडेने पुढे जायचे आणि गेला की तेवढेच मागे यायचे. त्या सामन्यात दुसऱ्या अर्ध्यात तिने हे इतक्या वेळा केले की शेवटच्या दहा मिनिटांत थ्रो-इनला चेंडू उचलताना ती क्षणभर गुडघ्यांवर हात टेकून थांबत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे मी पान छापले आणि लावले. तिच्या ओळीत एकूण अंतर १०.१ किलोमीटर, स्प्रिंटचे अंतर ०. कोच वाईट माणूस नव्हता. त्याने पान बघितले आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "पुढे जायला कंटाळतेस का?" आणि जिला विश्रांती द्यायला हवी होती तिला त्याने त्या सकाळी वीस-वीस मीटरच्या जादा धावा दिल्या. ती काही बोलली नाही. नुसती माझ्याकडे बघून बूट बांधायला खाली बसली.

त्या रात्री मी तिच्या वेगाचा मूळ आलेख काढला. टप्पे नाहीत, रंग नाहीत, नुसती वरखाली जाणारी रेघ. रेघेला एकामागून एक शिखरे होती. २३.८. २४.४. २३.१. २४.९. सर्वात उंच शिखर २५.० चे. २५.२ ला एकही टेकले नव्हते. मी रेषा २२.५ वर आणून तोच सामना पुन्हा चालवला, तर १९ स्प्रिंट आणि २१४ मीटर निघाले, संघात दुसऱ्या क्रमांकाचे. मुलगी तीच, सामना तोच. सकाळी मी जुने पान काढून नवे लावले आणि कोचला जाऊन सांगितले, की काल चूक तिची नव्हती, माझी होती. त्याने तिची माफी मागितली, हे त्याच्या बाजूने सांगितलेच पाहिजे.

पण काम दिसत नाही हे यातले निम्मे दुखणे. उरलेले निम्मे जास्त वाईट आहे. मांडीमागचा स्नायू, हॅमस्ट्रिंग, दुखावून बरा झाला की खेळाडूला हळूहळू वेगात पळवत पुन्हा सामन्याच्या तयारीला आणतात. त्यासाठी आठवड्याचा कोटा असतो : अमुक वेगाच्या वर इतके मीटर. मी माझ्या दुसऱ्याच हंगामात पुरुष संघाचा एक तक्ता जसाच्या तसा उचलला होता. तिसऱ्या आठवड्यात २५.२ च्या वर दीडशे मीटर. पुरुषाला हे ७४ टक्क्यांच्या वर दीडशे मीटर होते, ठीक. माझ्या विंगरला ते ९० टक्क्यांच्या वर दीडशे मीटर झाले, आणि तेही दुखापतीनंतर तिसऱ्याच आठवड्यात. ती कोटा पूर्ण करायच्या हट्टाने पळत होती; मी कडेला टॅब्लेट घेऊन मीटर मोजत होते. सहाव्या की सातव्या धावेत तिचा हात मांडीच्या मागे गेला. ज्यांनी हे बघितले आहे त्यांना तो हात लांबूनही ओळखू येतो. स्नायू केवळ त्या कोट्यामुळेच पुन्हा दुखावला, असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही; दुखापतीला दहा कारणे असतात. पण तो कोटा तिच्यासाठी नव्हता आणि तो तिच्या हातात मी दिला होता, हे मला नाकारता येत नाही.

म्हणजे एकाच चुकीच्या रेषेने दोन्हीकडून मार बसतो. सामन्यात केलेले कष्ट हिशेबात येत नाहीत, आणि सरावात तीच रेषा गाठायला लावली की ताण झेपण्यापलीकडे जातो. सब घोडे बारा टके असा हा कारभार आहे.

मग रेषा कुठे आखायची? सरळ उत्तर : महिलांच्याच धावांवरून. आणि हे काम झालेले आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आंतरराष्ट्रीय महिला खेळाडूंच्या सामन्यांतल्या वेगाच्या नोंदी संगणकाला दिल्या आणि त्यांचे नैसर्गिक गट कुठे पडतात ते शोधले. आधी आकडा ठरवून मग मोजणी नाही, तर आधी नोंदी आणि त्यातून आकडा. त्यातून १२.५, १९.० आणि २२.५ या रेषा निघाल्या, २२.५ च्या वर स्प्रिंट. त्याच वर्षी फ्रान्समध्ये झालेल्या महिला विश्वचषकाचे शारीरिक विश्लेषण 'फिफा'ने प्रसिद्ध केले, त्यात १९ ते २३ हा वेगवान धावेचा टप्पा आणि २३ च्या वर स्प्रिंट धरली होती. पुरुषांच्या २०२२ च्या कतार विश्वचषकात मात्र हेच टप्पे २० ते २५ आणि २५ च्या वर असे होते. म्हणजे खुद्द 'फिफा' दोघांना एका रेषेने मोजत नाही.

यातून आपल्या चौकटीपुरती दुहेरी अडचण निघते, ती लक्षात घ्यावी. दोन्ही स्तंभांना २५ ची रेषा लावली असेल तर महिलांचे कष्ट गळाले. आणि आकडे दोन वेगवेगळ्या अहवालांतून उचलले असतील, एकात २५ ची रेषा आणि दुसऱ्यात २३ ची, तर ते शेजारी शेजारी ठेवायचेच नव्हते. शब्द एक असला तरी मोजलेली वस्तू वेगळी आहे. या दुसऱ्या चुकीतून उद्या कुणी 'महिला पुरुषांपेक्षा जास्त स्प्रिंट मारतात' असाही मथळा काढेल, आणि तोही तितकाच खोटा असेल. मला तसा मथळाही नको आहे.

इथे एक आक्षेप नेहमी येतो. मागच्या महिन्यात एका व्याख्यानानंतर एका गृहस्थांनी तो अगदी सभ्यपणे मांडला : रेषा खाली आणणे म्हणजे महिलांना सवलत देणे नव्हे का? त्यांना जे उत्तर दिले तेच इथे लिहिते. वेग हा वेगच राहतो. २८ चे ३४ कुणी करत नाही, करूही नये. मैदान तेवढेच, वेळ तेवढाच, चेंडूही तोच ५ नंबरचा. टप्प्यांची रेषा ही बक्षीस द्यायची रेषा नाही. या शरीराने आज किती ताण घेतला आणि उद्या किती द्यावा, हे ठरवायचे ते साधन आहे. चष्म्याचा नंबर दुसऱ्याचा लावून चालत नाही, त्यात सवलत कसली?

खरी सवलत कशी दिसते तेही फुटबॉलने बघितले आहे. १९९१ मध्ये चीनमध्ये महिलांचा पहिला विश्वचषक झाला तेव्हा सामने ९० ऐवजी ८० मिनिटांचे ठेवले होते. पुढच्या स्पर्धेपासून ९० झाले आणि तेव्हापासून महिला ९० मिनिटे, वेळ पडली तर १२०, खेळत आहेत. माझ्या मते ती दहा मिनिटांची कपात आणि आजची उसनी रेषा या एकाच मुळातून आलेल्या गोष्टी आहेत. तेव्हा बघण्याआधीच गृहीत धरले की त्यांना झेपणार नाही; आता बघण्याआधीच गृहीत धरले जाते की पुरुषांचा आकडा चालेल. दोन्ही वेळा समोर धावणाऱ्या बाईकडे कुणी बघितले नाही.

याच्या पुढची पायरी म्हणजे प्रत्येक खेळाडूची स्वतःची रेषा. ऐकायला हे फार न्याय्य वाटते आणि मीही दोन हंगाम त्याच्या पूर्ण नादी लागले होते. त्यासाठी प्रत्येकीच्या दोन गोष्टी माहीत हव्यात. एक, तिचा कमाल वेग : ४० मीटर पळवायचे आणि टायमिंग गेट किंवा रडारवर मोजायचे. दुसरी, ज्या वेगापर्यंत तिचे शरीर श्वासावर, म्हणजे श्वासातून मिळणाऱ्या ऑक्सिजनवर, काम रेटू शकते तो वेग. तो काढायला वेगवेगळ्या चाचण्या आहेत. सोबत आम्ही ३० सेकंद धाव आणि १५ सेकंद चाल अशी चाचणीही घेतो, जिच्यात वेग ताशी ८ पासून सुरू होऊन दर टप्प्याला अर्ध्या किलोमीटरने वाढतो. शेवटी कोण उरते यावर मुली पैजा लावतात. मग श्वासावरचा वेग आणि कमाल वेग यांच्यामधल्या अंतरातून स्प्रिंटची रेषा काढायची. समजा पहिला १६ आणि दुसरा २८, तर मधले अंतर १२. त्याचे ३० टक्के म्हणजे ३.६, रेषा १९.६ वर.

यात गोम अशी की मुलगी सुधारली की तिची रेषाही वर सरकते. आमच्या एका स्ट्रायकरने मेहनतीने कमाल वेग वाढवला. नव्या चाचणीनंतर तिची रेषा वर गेली आणि पुढच्या महिन्याच्या पानावर तिचे स्प्रिंटचे अंतर कमी दिसू लागले. बिचारी काळजीत पडली, आळशी झाले की काय मी म्हणून! शिवाय चाचणीचा दिवस वाईट गेला, झोप झाली नसली किंवा अंग जड असले, की त्या एका दिवसाची रेषा सगळ्या हंगामाच्या मानगुटीवर बसते. आणि प्रत्येकीची पट्टी वेगळी झाली की नव्या मुलीला 'या जागेवर खेळायचे तर सामन्यात एवढे पळावे लागते' हे सांगायला समान माप राहत नाही. चेंडू काही तुमचा कमाल वेग विचारून पुढे जात नाही.

म्हणून आता माझ्या पानावर दोन गोष्टी असतात आणि मी त्यांची सरमिसळ होऊ देत नाही. सामन्याची मागणी बघायला सगळ्यांना महिलांची सामाईक रेषा, १९ आणि २२.५. आणि हॅमस्ट्रिंगच्या काळजीसाठी स्वतःच्या कमाल वेगाची टक्केवारी. आठवड्यात एक-दोनदा तरी ९० टक्क्यांच्या वर थोडेसे पळायलाच हवे, कारण स्नायूला त्या वेगाची सवय नसेल तर सामन्यात एकदम तो वेग आला की तो दगा देतो. पण 'थोडेसे' किती, ते ज्याच्या त्याच्या ९० टक्क्यांवरून ठरते, दुसऱ्याच्या २५.२ वरून नाही. सोळा-सतरा वर्षांच्या मुली वरच्या संघात सरावाला येतात तेव्हा तर मी ही टक्केवारीच आधी बघते.

मोजणीतले आणखी दोन खाचखळगे सांगते, कारण आकडे छापणाऱ्यांना ते ठाऊक असायला हवेत. रेषेच्या आसपास वेग वरखाली होतो. २२.६, मग २२.३, पुन्हा २२.७. यंत्राला किमान किती वेळ रेषेच्या वर राहिले तर स्प्रिंट धरायची हे सांगितले नसेल तर एकाच धावेच्या तीन स्प्रिंट होतात. कुणी अर्धा सेकंद धरतो, कुणी पूर्ण सेकंद. दोन संघांच्या स्प्रिंटची संख्या शेजारी ठेवताना हे सारखे आहे का, कोण विचारतो? शिवाय प्रत्येक कंपनी वेगाची रेघ आपापल्या पद्धतीने गुळगुळीत करते. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली आणि एका रात्रीत आमच्या मागच्या हंगामाचे आकडे बदलले, असेही माझ्याकडे झाले आहे.

दुसरे असे, की वेगाच्या टप्प्यांना झेप दिसतच नाही. मध्यावर तीन जणींच्या गराड्यात सापडलेली मिडफिल्डर एका जागेवरून दोन मीटरची झेप घेऊन सुटते, लगेच थांबते, वळते. त्या झेपेत तिचा वेग ताशी १४-१५ च्या पुढे जात नाही. पानावर तिची नोंद होते 'हळू धाव' म्हणून. पायांना विचारा ती किती हळू होती! मी त्याच जागी बारा वर्षे खेळले आहे आणि सामन्यानंतर दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या ज्या दुखायच्या त्या लांब धावांनी नाही, या थांबण्या-सुटण्यांनी. म्हणून आम्ही वेग वाढण्या-घटण्याच्या नोंदी वेगळ्या ठेवतो. आणि सराव संपल्यावर अर्ध्या तासाने प्रत्येकीला एकच प्रश्न विचारतो : शून्य ते दहामध्ये आज किती कठीण गेले? ती म्हणाली ७ आणि सराव ९० मिनिटांचा, तर गुणाकार ६३०. या साध्या आकड्याने मला यंत्रापेक्षा जास्त वेळा सावध केले आहे. त्या लेफ्ट बॅकने त्या सामन्यानंतर ९ सांगितले होते. वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेले आहे. मी ते ९ सोडून शून्यावर विश्वास ठेवला.

आपल्याकडे मागणे थोडके आहे. वेगाचे किंवा स्प्रिंटचे आकडे छापाल तिथे कंसात रेषा छापा : 'ताशी २३ किमीच्या वर' एवढे चार शब्द. पुरुष आणि महिलांचे आकडे शेजारी ठेवायचे असतील तर दोन्हीकडे कुठली रेषा लावली ते लिहा, आणि रेषा वेगळ्या असतील तर तुलना करू नका. कमाल वेगाची तुलना खुशाल करा. तो वेग तसाच्या तसा मोजलेला असतो, त्याला रेषा लागत नाही. आणि खेळाडू दमली की नाही हे लिहायचे असेल तर बातमीदाराने पानाबरोबर सामनाही बघावा.

गेल्या आठवड्याच्या चौकटीतली स्प्रिंटची रेषा ताशी किती किलोमीटरची होती आणि ते आकडे कुठून घेतले होते, ते पुढच्या अंकात त्याच जागी छापावे, ही विनंती. आमच्या मुलींनी ती चौकट कापून ड्रेसिंग रूमच्या दारावर लावली आहे आणि खाली कुणीतरी पेनने एक प्रश्नचिन्ह काढले आहे.

आपली विश्वासू,
एका महिला फुटबॉल संघाची फिटनेस प्रशिक्षक